चेंडू चालतो, गिलास चालत नाही

(अकोल्यात युवक कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसं बरंचसं ठेवलं आहे.)

मला इथं कविता वाचायला बोलावलं होतं. मी म्हणालो, कविता नंतर, आज खेळावर बोलतो. तर तुमच्यातलेच दोघं-तिघं हसले. एक जण तोंडावरच म्हणाला, "काऊन बे, इथं शिष्यवृत्त्या अडकून आहेत, पोट्टे केसेसमध्ये अडकून आहेत, आन् तू आम्हाले क्रिकेट सांगतं?"

हो, सांगतो. बैठकीला वीस पोरं जमवताना आपला घाम निघतो आणि मॅचच्या दिवशी तीच वस्ती पानठेल्याच्या टीव्हीपुढं न बोलावता दीडशेनं उभी असते. त्या दीडशेंत मीही असतो. मी शौकीन माणूस आहे, लपवायचं काय? जिथं आपली माणसं इतक्या जिवानं उभी राहतात तिथलं राजकारण आपण दुसऱ्याच्या हाती का सोडायचं?

मी मुंबईत गोदीत काम करतो. ठेकेदाराकडं, पाळीवर. शिक्षण दहावी. बोट लागली तर काम, नाही तर बसून. हाताला लोखंडाचा वास, तो साबणानं जात नाही.

३ जून २०२५ ची रात्र. अहमदाबादला आयपीएलची फायनल. आमची सात-आठ जणांची गँग एका मोबाइलवर डोकी घालून बसली होती. बंगळूरच्या संघानं अठराव्या हंगामात पहिल्यांदा कप उचलला. त्यांचा विकेटकीपर जितेश शर्मा, आपल्या अमरावतीचा. मी उठून ओरडलो, "आमच्या अमरावतीचा आहे तो!" शेजारी कोकणातला एक म्हातारा कामगार डबा बंद करत होता. तो शांतपणे म्हणाला, "तुझा कोण लागतो रे तो?"

मला उत्तर देता आलं नाही. तो माझा कोणी लागत नाही. मी त्याचा कोणी लागत नाही. चांगला खेळतो, आपल्या मुलखातला आहे, एवढंच.

दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, बंगळूरच्या स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी झाली. अकरा माणसं मेली. तीही "आमचा संघ, आमचा संघ" म्हणतच घरातून निघाली होती. बाहेर माणसं पायाखाली गेली आणि आत सत्कार झाला.

तेव्हापासून त्या म्हाताऱ्याचा प्रश्न डोक्यात बसला आहे. "आमचा" म्हणजे नेमका कुणाचा? संघ कुणाचा, मैदान कुणाचं, आणि आपण तिथं कोण? आज त्याचंच उत्तर शोधतो. तुमच्यासमोर, मोठ्यानं.

आधी माझ्या गावाचं सांगतो. मूर्तिजापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारट, माणसं काही गोड नाहीत. आमचा बौद्धपुरा गावाच्या टोकाला. खेळायला काय लागत होतं? काही नाही. बाभळीची फांदी तोडली की गिल्ली-दांडू. लिंबाचं झाड दिसलं की डाबडुबली. एकानं तंगडीखालून काडी फेकायची, ज्याच्यावर डाव त्यानं धावून ती आणायची, तोवर बाकीचे माकडासारखे झाडावर. अंधार पडला की रेस्टीप. कंचे जिंकले तर खिसा जड, हरले तर रडणं. उन्हाळ्यात रिकाम्या वावरात हुतूतू. या खेळांना मालक नव्हता. काडीचा मालक कोण? लिंबाचा मालक कोण? ज्याच्या अंगात जोर तो पुढं.

मग क्रिकेट आलं. क्रिकेटबरोबर बॅट आली, आणि बॅटबरोबर मालक आला.

गावात बॅट दोन. दोन्ही वरच्या आळीत. मैदान म्हणजे गावाचं आखर, जिथं सकाळी गुरं उभी राहतात. तिथं आम्हाला मनाई नव्हती, खोटं कशाला बोलू? उलट बोलावणं यायचं. "अबे, चाल रे, पोट्टे कमी पडून राह्यले." आम्ही धावत जायचो. आमचं काम ठरलेलं. बॉल टाकायचा आणि बॉल आणायचा. बॉल नालीत गेला तर काढायचा आम्ही, तुराट्यांत गेला तर शोधायचा आम्ही, कुणाच्या अंगणात गेला तर शिव्या खायच्या आम्ही. मी तासन् तास बॉल टाकला. सुटीतले दोन-दोन महिने टाकला. एकदा म्हणालो, "दादा, मले एक ओव्हर बॅटिंग दे ना." तर म्हणाला, "तुले कायले बॅटिंग? तू बॉल मस्त टाकतं. टाकत राह्य."

शाबासकी होती ती! मी खूश होऊन घरी आलो. आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. ती वर न पाहता म्हणाली, "बाप्पा, खेळून का पोट भरते?"

पुष्कळ वर्षांनी, मुंबईत आल्यावर, रामचंद्र गुहांच्या पुस्तकातल्या हकिकती एका मित्रानं वाचून सांगितल्या. ऐकता ऐकता मी त्याला थांबवलं. म्हटलं, थांब, हे तर माझंच आखर आहे!

ती हकिकत पाळवणकर बाळूंची. जन्म १८७६, धारवाडचा. जात चांभार. पोरगा पुण्यात वाढला. पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, महिन्याला तीन रुपये. मग १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात, पगार चार रुपये. तिथंही रोलर, आखणी, जाळी बांधणं. क्लबातल्या गोऱ्या साहेबांना सरावाला कोणीतरी बॉल टाकायला लागायचा. बाळू टाकू लागला. डावखुरा फिरकी. ग्रेग नावाचा लष्करी साहेब, त्या काळचा नावाजलेला बॅट्समन, त्याला तर त्यानं किती टाकले असतील त्याची गणती नाही. शेकडो तास बॉल टाकला. आणि त्या जाळीत त्याला एकदाही बॅट मिळाली नाही.

एकदाही नाही. बॅट साहेबाची, बॉल नोकराचा. माझ्या गावच्या आखराची आणि पूना क्लबाची रीत एकच.

पण तेवढ्या तासांनी त्याची बोटं घडवली. पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. त्यांच्याकडं असा बॉलर नव्हता. मग बामणांच्या क्लबात वाद माजला, चांभार घ्यायचा की नाही? जिंकायची भूक जातीपेक्षा थोडी मोठी निघाली. घेतला. पण कसा घेतला ते ऐका. मैदानात त्यानं टाकलेला चेंडू सगळ्यांच्या हातून फिरायचा. झेल घेताना कुणाला विटाळ होत नव्हता. चहाची वेळ झाली की सगळे पॅव्हेलियनमध्ये, कपबशीत. बाळूचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. पिऊन फेकायचं भांडं. जेवायला बसायचं टेबलही वेगळं.

चेंडू चालतो, गिलास चालत नाही.

आणि तो चेंडू तरी कशाचा? कातड्याचा! गाईच्या कातड्याचा. ज्या कामासाठी चांभाराला बाहेर ठेवला त्याच कामाचा तो लाल गोळा. त्याला थुंकी लावून सगळे चड्डीवर घासत आले आणि विटाळ झाला नाही. आजही मेरठ-जालंधरकडं हे चेंडू कातणारे, शिवणारे हात पुष्कळसे कुणाचे आहेत ते जाऊन बघा.

बाळू पुढं मुंबईच्या हिंदू जिमखान्याकडून खेळला. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. १९११ साली हिंदुस्थानचा संघ पहिल्यांदा विलायतेला गेला. कप्तान पतियाळाचा महाराजा. संघ सपाटून हरला, पण बाळूनं सगळे सामने धरून ११४ गडी बाद केले. हिंदुस्थान पहिली कसोटी खेळला १९३२ साली. तोवर बाळूचं वय झालं होतं छप्पन्न.

आता 'लगान' पाहिलेले किती आहेत इथं? सगळेच. २००१ चा सिनेमा. त्यातला कचरा आठवतो? अस्पृश्य, हात अधू, आणि त्या अधू हातामुळंच म्हणे बॉल वळतो. टाळ्या मीही वाजवल्या होत्या. बाळूंची गोष्ट कळली तेव्हा त्या टाळ्यांची लाज वाटली. सिनेमानं काय केलं बघा. आपल्या माणसाची मेहनत काढून घेतली आणि त्या जागी लुळेपण ठेवलं. बाळूचा हात धडधाकट होता. त्याचा बॉल वळायचा तो शेकडो तासांच्या घामानं. आणि सिनेमात कचऱ्याच्या वतीनं भाषण ठोकतो तो भुवन. आपल्याला संघात घेतात ते असं. हुनर आहे म्हणून नाही, कुणाच्या तरी मोठ्या मनामुळं. पुढं २०२३ साली एका घरपोच जेवण देणाऱ्या कंपनीनं त्याच कचऱ्याला जाहिरातीत टेबल केलं, दिवा केला. ओरड झाली तेव्हा ती जाहिरात मागं घेतली. म्हणजे बावीस वर्षांनी आपण खेळाडूचं सामान झालो.

आता कबड्डी. हा खेळ मला क्रिकेटपेक्षा जवळचा. कारण यात गुणच मुळी शिवण्याचा. शिवला की गुण आणि धरला की पकड. जो पोरगा एरवी आपली सावली चुकवतो तोही इथं आपला घोटा दोन्ही हातांनी कवटाळून मातीत लोळतो. मला वाटायचं, बस, हाच आपला खेळ. गावानं रोज एक तास कबड्डी खेळावी, विटाळ आपोआप मातीत जाईल.

माझ्या बरोबरीचा एक दोस्त होता. नाव सांगत नाही, तो आज इथं मागं बसलेलाही असेल. चढाईला गेला की वाऱ्यासारखा. पायाच्या अंगठ्यानं असा शिवायचा की शिवल्याचं समोरच्याला उशिरा कळायचं. आमच्या गावच्या संघात सात जण, त्यांत आम्ही दोघं बौद्धपुऱ्यातले. आम्हाला सन्मानानं घेतलं होतं. आम्ही नसतो तर संघ हरला असता, हा सन्मान.

एकदा शेजारच्या गावची स्पर्धा मारली. शेवटच्या चढाईत दोस्तानं तिघांना शिवून मधली रेघ गाठली. गावात वाजतगाजत आलो. कप्तानाच्या घरी सगळ्यांना बोलावणं. ओसरीवर बसलो, त्याच सतरंजीवर, खांद्याला खांदा लावून. आतून पाण्याचा ट्रे आला. पाच स्टीलचे गिलास आणि दोन डिस्पोजल. प्लास्टिकचे. आणणारी बाई वाईट नव्हती. मायेनं म्हणाली, "घ्या रे बेटा, थंडं आहे." ट्रे अशा बेतानं फिरवला की डिस्पोजल आमच्याच पुढं आले. कोणी काही बोललं नाही. घोटे धरणारे ते पाच जण घटाघटा पाणी प्यायले.

मीही प्यालो. मी तर दोन गिलास प्यालो, तहान लागली होती. दोस्तानं पाणी पिऊन गिलासाची घडी केली आणि खिशात घातली. रस्त्यानं एक अक्षर बोलला नाही.

बाळूचं मातीचं भांडं आणि आमचा प्लास्टिकचा गिलास, यांच्यात शंभर वर्षांहून जास्त काळ गेला आहे. मधे घटना आली. जातीला फक्त भांडं बदलायचं ठाऊक आहे.

पुढं त्या दोस्ताचा गुडघा गेला. मातीत नाही, मॅटवर. २०१४ ला प्रो-कबड्डी आली, टीव्हीवर दिवे, संगीत, लिलाव. पोरांना वाटलं, आता आपलं सोनं झालं. स्पर्धा मॅटवर होऊ लागल्या. मॅटला बूट लागतात. यानं उसने घातले, एक नंबर मोठे. वळताना पाय बुटात फिरला आणि गुडघा जागेवर राहिला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. घरच्या कपाशीत त्या साली बोंडअळी. ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. आज तो ऑटो चालवतो. गुडघा दुखला की म्हणतो, "पाऊस येते बर्का." त्याच्या अंगठ्याची ती कला कुठल्या लिलावात आली नाही.

कोणी म्हणेल, आपल्या वऱ्हाडात खेळाची परंपरा थोडी आहे काय? आहे ना! अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलं. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी इथली तुकडी जर्मनीला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आली, त्यात आपली कबड्डीही होती. अकोल्याचा अथर्व तायडे विदर्भाकडून ओपनिंगला येतो. विदर्भानं रणजी करंडक तीनदा जिंकला, २०१८, २०१९ आणि २०२५ साली. मुंबईच्या पोरांपुढं मी छाती काढून सांगतो हे. आणि विदर्भाच्या संघातून कसोटीत गेलेला पहिला खेळाडू उमेश यादव, नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा. वयाच्या एकोणीस-विसाव्या वर्षापर्यंत टेनिस बॉलनंच खेळत होता. त्याला बॉल टाकताना पाहिलं की मला खाणीतल्या, गोदीतल्या बापांच्या पाठी दिसतात.

पण गावातल्या पोरापासून त्या मैदानापर्यंतचा रस्ता मोजा. अमरावतीला रोज जायचं तर एसटीचं भाडं, बूट, खुराक, आणि पोरानं मजुरी न करता घरी बसणं. एवढं ज्याच्या घरात निघतं त्याच्यासाठी दार उघडं आहे. दारावर जात लिहिलेली नसते. ती भाड्याच्या पैशांत लिहिलेली असते.

ज्या बर्लिनला आपली कबड्डी गेली त्याच ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा काळा धावपटू जेसी ओवेन्स यानं चार सुवर्णपदकं घेतली. हिटलरच्या डोळ्यांदेखत. घरी परतल्यावर न्यूयॉर्कच्या मोठ्या हॉटेलात त्याचा सत्कार ठेवला, आणि त्या सत्काराला त्याला मालाच्या लिफ्टनं जावं लागलं. मालाच्या! आम्ही गोदीवाले, माल म्हणजे काय ते आम्हाला कळतं. माल उचलतात, ठेवतात, मोजतात. त्याला विचारत नाहीत.

आपल्याकडचं अलीकडचं सांगतो. २०२१, टोकियो ऑलिम्पिक. वंदना कटारियानं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल मारले, ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय बाई. चार दिवसांनी उपांत्य सामना अर्जेंटिनाविरुद्ध हरलो. तर हरिद्वारजवळ तिच्या घरासमोर जाऊन लोकांनी फटाके फोडले, नाचले, जातीवरून शिव्या दिल्या, संघात दलित जास्त झाल्या म्हणून हरलो म्हणाले. जिंकलो तेव्हा ती देशाची लेक, हरलो तेव्हा जातीची. "आमचा" या शब्दाचा हा असा भाव आहे. जिंकण्याच्या बाजारात तो चढतो, हरलं की उतरतो.

आता तुम्ही मला अडवणार हे मला ठाऊक आहे. बाळूचं एवढं कौतुक करतोस, आणि पुढं काय केलं त्यानं? बरोबर. लपवत नाही. १९३२ ला स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला होता. धर्मांतराच्या घोषणेलाही त्याचा विरोध होता. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसनं त्याला थेट बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. आपल्या माणसानं आपल्याच माणसाला पाडायला उभं राहावं!

माझ्या पोटातही हे दुखतं. पण दुसरंही ऐका. १९११ ला बाळू विलायतेहून परत आला तेव्हा मुंबईत अस्पृश्यांनी त्याचा सत्कार केला, आणि तिथलं मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी दिलं, असं गुहा लिहितात. म्हणजे ज्या पोरानं पुढं देश हलवला, तोही कधीतरी आपल्यासारखाच एका बॉलरकडं बघून "आमचा" म्हणाला होता. त्या "आमचा"ला मी खोटं म्हणू शकत नाही. बाळूच्या राजकारणाशी भांडा, मीही भांडतो. त्याच्या बोटांशी भांडू नका.

आणि त्या घरात आपल्या कामाचा धडा वेगळाच आहे. बाळूसारखा मोठा खेळाडू, पण हिंदू संघानं त्याला कप्तान केलं नाही. वर्षं गेली, कमी प्रतीचे खेळाडू कप्तान झाले. १९२० ला बाळूला संघातून वगळलं आणि धाकट्या विठ्ठलचा कप्तानपदाचा हक्क डावलला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम, दोघा भावांनी सांगितलं, आम्ही खेळत नाही. आणि का खेळत नाही ते जाहीर सांगितलं. जात, हे कारण उघड्यावर मांडलं. बोंब झाली, तडजोड झाली, भाऊ परत मैदानात आले. तीन वर्षांनी, १९२३ ला, विठ्ठल पाळवणकर हिंदूंचा कप्तान झाला आणि त्या साली संघ जिंकला. बामण-मराठे एका चांभाराच्या हाताच्या इशाऱ्यावर मैदानात जागा बदलत होते.

तर बघा. गुणवत्तेनं आपल्याला मैदानात नेलं. कप्तानपद गुणवत्तेनं मिळालं नाही, ते नकारानं मिळालं. शेकडो तास टाकलेल्या बॉलनं जे झालं नाही ते "आम्ही खेळत नाही" या तीन शब्दांनी सुरू झालं.

आणि चहाच्या भांड्याचं काय? ते खेळाच्या हातचं नव्हतंच. त्याला २० मार्च १९२७ चं महाड लागलं. चवदार तळ्याची ओंजळ लागली. त्याच साली नोव्हेंबरात आपल्या अमरावतीला बाबासाहेब परिषदेला आले, अंबादेवीच्या दाराचा प्रश्न घेऊन. चेंडू जिथं थांबतो तिथून पुढं चळवळ चालते. पण चळवळ आहे म्हणून पोरांनी चेंडू खेळू नये, असं मला कोणी सांगू नका. आपल्याला तळंही पाहिजे आणि मैदानही पाहिजे.

आता शेवटचं. हे सांगायला मला जड जातं, म्हणून शेवटी ठेवलं.

मी दहावीत असताना आम्ही बौद्धपुऱ्यातल्या पोरांनी वर्गणी काढून स्वतःची बॅट आणली. वरच्या आळीच्या आखरावर जाणं बंद केलं. आमचा नकार तो. पांदणीच्या कडेला आमची खेळपट्टी केली. माझी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, रोज यायची. आमच्या सगळ्यांत ती जोरात पळायची. बॉल धुऱ्यावर गेला, काट्यांत गेला की तीच आणायची. तिच्या पायाला काट्यांचे वळ असायचे. एक दिवस ती म्हणाली, "दादा, मले एक ओव्हर बॅटिंग दे ना."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "तुले कायले बॅटिंग? तू बॉल मस्त आणतं. आणत राह्य."

शब्द जवळपास तेच. मला तेव्हा कळलंही नाही की हे शब्द माझे नाहीत, मला कुणीतरी दिलेले आहेत आणि मी ते खाली ढकलले आहेत. दोस्तहो, पॅव्हेलियन आपणही बांधतो. जरा सावली मिळाली की आत बसतो आणि कुणाला तरी बाहेर ठेवतो. तिचं लग्न झालं, तिला एक पोरगी आहे. मागच्या दिवाळीला मी तिला हे बोलून दाखवलं. ती हसली. म्हणाली, "मले याद नाही." तिला याद आहे. मी तिचा भाऊ आहे, मला कळतं.

म्हणून त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाला माझं आजचं उत्तर असं. टीव्हीवरचा खेळाडू माझा कोणी लागत नाही, त्याच्यासाठी ओरडायला माझी ना नाही, मी ओरडणारच. पण "आमचा संघ" म्हणायचा तो तोच, ज्यात बॉल आणणाऱ्यालाही बॅटिंग आहे आणि सगळ्यांचं पाणी एका गिलासातून आहे. असा संघ विकत मिळत नाही. तो करावा लागतो.

तर काम सांगतो. या वस्तीत समाजमंदिरामागं मोकळी जागा आहे. तिथं पडलेल्या घरांचा मलबा आहे, बेशरमाची झुडपं आहेत, संध्याकाळी जुगार असतो. ती जागा मैदान म्हणून नोंदवून मागायचा अर्ज मी लिहून आणला आहे, बैठक सुटल्यावर सह्या करा. अर्जाला उत्तर येईल तेव्हा येईल. मी परवा रात्रीच्या गाडीनं मुंबईला जातो. म्हणजे उद्याची सकाळ आपल्या हातात आहे. सहा वाजता फावडे, टोपली, विळे घेऊन या. पोरींना घेऊन या. एक माठ आणि एकच स्टीलचा गिलास माझ्याकडं लागला.

साफ झाल्यावर खेळू. पहिली ओव्हर मी टाकीन. पहिली बॅटिंग पोरींची. बॉल नालीत गेला तर ज्यानं मारला त्यानं आणायचा.

जय भीम.